नवी पेठेतलं जुन्या पुस्तकांचं दुकान, नक्की जा
पोरीला बारावीच्या बायोच्या प्रोजेक्टला मानवी क्लोनिंग (म्हणजे माणसाची जनुकीय कॉपी जन्माला घालणं) विषय आलाय म्हणून गेलो, काकांनी ढिगातून बरोब्बर त्यावरचं मराठी पुस्तक काढून दिलं, कव्हर फाटलेलं पण पानं सगळी शाबूत, ४० रुपये फक्त. वर उभ्या उभ्या सांगितलं की डॉली या क्लोन केलेल्या मेंढीच्या वेळी २७७ बीजांडांवर प्रयोग केला तेव्हा १९९६ ला एकच कोकरू जन्मलं, मग माणसाच्या लेकरांवर असं करायचं का ओ? गलबलून आलं मला. आणि गेलेल्या पोराची कॉपी म्हणून जन्माला घातलं तर त्या जिवाला स्वतःचं आयुष्य कुठलं, सगळे त्याच्यात दुसऱ्यालाच शोधणार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांत याला बंदी आहे ते बरंच आहे. पार्किंगचे हाल आहेत, चालत जा. ५ स्टार.