नमुना पक्का, लॉट कच्चा: वॉटरबेस्ड प्रिंटच्या क्युरिंगमधली फसवणूक

काळे कॉटन टी-शर्ट, छातीवर वॉटरबेस्ड पांढरा प्रिंट, बिलात क्युरिंगचे (प्रिंट शेकून पक्का करण्याचे) पीसमागे वेगळे पैसे. आधी दाखवलेला नमुना चार-पाच धुण्यांतही हलला नव्हता. लॉट हातात पडला ऐन गणपतीच्या तोंडावर, आणि पहिल्याच धुण्यात बादलीतलं पाणी दुधाळ झालं. जॉबवर्कवाल्याचं (प्रिंट छापून देणाऱ्याचं) उत्तर ठरलेलं: "पहिल्या धुण्याला थोडा रंग जातोच." नाही जात. नीट शेकलेला प्रिंट पाणी असं रंगवत नाही.

वॉटरबेस्ड म्हणजे पाण्यात कालवलेली शाई. तिच्यात रंग कापडाला धरून ठेवतो तो बाइंडर. पाणी उडालं की प्रिंट हाताला कोरडा लागतो, पण बाइंडर कच्चाच असतो. पाणी आहे तोवर शाई 100 अंशांच्या फारशी वर चढत नाही. पुढे 150 ते 160 अंशांवर साधारण दोन-तीन मिनिटं मिळाली, की प्रिंट पक्का. (नेमका आकडा शाईच्या डब्यावर असतो, तो मागून घ्या.)

नमुना हीट प्रेसखाली सावकाश शेकलेला असतो. लॉट मात्र पंख्याखाली वाळवून घडी घातलेला. किंवा क्युरिंग मशीनमधून जातो खरा, पण पट्टा प्लास्टिसोलच्या (पाणी नसलेल्या, लवकर शेकणाऱ्या शाईच्या) वेगावर. भट्टी 3 मीटर आणि पट्टा मिनिटाला 3 मीटर, म्हणजे कपडा आत जेमतेम एक मिनिट. त्यातला बराचसा वेळ पाणी उडवण्यातच जातो. डायलवरचे 160 अंश भट्टीचे, शाईचे नव्हेत. थर्मामीटर गन बाहेर पडणाऱ्या प्रिंटवरच धरायला सांगा. "फिक्सर घातलाय, हीट लागत नाही" हेही ऐकवतात. फिक्सर म्हणजे प्रिंट पक्का व्हावा म्हणून शाईत मिसळायचं रसायन. काही फिक्सर हीटशिवाय काम करतात, पण त्यांना एक-दोन दिवस लागतात आणि मिसळलेली शाई ठरावीक तासांत संपवावी लागते. कालची उरलेली शाई वापरली असेल, तर डोळ्यांना कळत नाही.

माल घेताना गठ्ठ्याच्या मधला पीस काढा. वरचा नको, तो निवडून ठेवलेला असू शकतो. ओलं पांढरं फडकं प्रिंटवर जोर देऊन दहा वेळा घासा. कोरडं घासून उपयोग नाही, त्यात कच्चा प्रिंटही पास होतो. एक पीस धुऊन पाहीपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

वाद झाला की कापडावरच्या फिनिशला (गिरणीत कापडावर चढवलेल्या रसायनाला) दोष दिला जातो. कधी तो खराही असतो. न धुतलेल्या पीसचा अर्धाच प्रिंट टेफ्लॉन शीटखाली 160 अंशांवर दाबा, दर 30 सेकंदांनी प्रेस उघडून वाफ जाऊ द्या, एकूण तीन मिनिटं. मग पीस धुवा. शेकलेला भाग टिकला आणि दुसरा गेला, तर दोष क्युरिंगचाच. अशा वेळी न धुतलेला बाकी लॉट परत शेकून वाचतो. तो खर्च जॉबवर्कवाल्याकडून घ्या. पॉलिएस्टर असेल तर मात्र हे करू नका, इतक्या हीटला कापडाचाच रंग प्रिंटमध्ये चढतो.