परदेशातून घरी फोन: ई-सिम, तिकडचं सिम की रोमिंग पॅक?

ऑफिसच्या कामासाठी दोनदा म्युनिकला जाणं झालं. पहिल्या खेपेला तिकडचं सिम घेतलं, दुसऱ्या खेपेला इथूनच रोमिंग पॅक, म्हणजे आपलंच सिम परदेशात चालवायचा रिचार्ज, टाकून गेलो.

नुसता पैशांचा हिशेब केला तर ई-सिम घ्यावं, म्हणजे कार्ड न घालता थेट फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम. ठाण्यात घरी बसूनच क्यूआर कोड स्कॅन करायचा, उतरल्यावर नेट सुरू. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालतं. पण बऱ्याच ई-सिमवर फक्त डेटा मिळतो, साधा कॉल लागत नाही. आणि दुबईला जाणार असाल तर व्हॉट्सॲप कॉलच्या भरवशावर राहू नका, तिथे त्यावर बंदी आहे.

तिकडचं सिमही परवडतं. जर्मनीत 2017 पासून प्रीपेड सिमसाठी ओळख पटवावी लागते, त्यामुळे दुकानात पासपोर्ट न्या. ते सिम युरोपियन युनियनमध्ये कुठेही जादा पैसे न देता चालतं. स्वित्झर्लंड मात्र त्यात धरलेलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक टूर तिथे जातातच, म्हणून मुद्दाम सांगतो.

माझं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आई नौपाड्यात एकटी असते, तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. तिच्या स्क्रीनवर +49 ने, म्हणजे जर्मनीच्या कोडने, सुरू होणारा नंबर आला की ती कट करायची. परदेशी नंबर उचलू नकोस, फसवतात, हे मीच तिला बजावलं होतं. दोन दिवस ती कट करत राहिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना व्हॉट्सॲपवर कॉल करून आईचं दार वाजवायला सांगितलं. ते दोन दिवस फार वाईट गेले.

रोमिंग पॅक महाग पडतो, हे खरं. मिनिटं मोजून मिळतात, आणि माझ्या पॅकमध्ये आलेला कॉलही त्यातूनच कापला जायचा. पण नंबर तोच राहतो. बँकेचे ओटीपीही त्याच सिमवर आले.

घरी सगळ्यांकडे स्मार्टफोन असेल तर ई-सिम पुरेसं होईल, असं मला वाटतं. घरात कोणी म्हातारं माणूस साध्या फोनवर असेल, तर निदान छोटा पॅक तरी टाकाच. नौपाड्यात रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे दुपारचे साडेचार. त्या वेळेला मी फोन लावायचो, आणि आई दुसऱ्या रिंगला उचलायची.