फायरफॉक्स की पेल मून?
क्रोमियम (गूगल क्रोमच्या मुळाशी असलेला कोड) नको म्हणून भाच्याने विचारलं, या दोन ब्राउझरपैकी कुठला घेऊ. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आतून सगळे क्रोमियमच, त्यामुळे ते बादच झाले.

फायरफॉक्सचं इंजिन, म्हणजे वेबपान उभं करून दाखवणारा भाग, गेको, पेल मूनचं गोआना, जे गेकोपासूनच फुटून वेगळं झालंय. साइट्स चालण्याच्या बाबतीत फायरफॉक्स बराच पुढे, पेल मूनमध्ये नव्या धाटणीच्या साइट्स अडकतात आणि नेटफ्लिक्ससारखं डीआरएमवालं (कॉपी होऊ नये म्हणून कुलूप लावलेलं) तर चालतच नाही. सुरक्षेतही फायरफॉक्सच, कारण तो टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एकमेकांपासून अलग, ठेवतो, पेल मून सगळं एकातच. पण फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केलेली जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सोयी) आणि हवा तसा बदलता येणारा इंटरफेस पेल मूनने जपलाय, हे मला मनापासून आवडतं. दोन्ही फुकट.

बँक, व्हिडिओ, मोबाइल सगळं एकात हवं तर फायरफॉक्स. जुना इंटरफेस हवा आणि वाचनच जास्त असेल तर पेल मून, बँकेसाठी मात्र सोबत दुसरा ठेवच.