बार्ली यलो ड्वार्फ विषाणूसाठीचे एलायझा किट : वापरानंतरचा अभिप्राय

गहू किंवा सातूची पाने टोकाकडून पिवळी पडली, ओटची पाने तांबूस झाली आणि झाडे खुजी राहिली, की माव्याने पसरवलेल्या बार्ली यलो ड्वार्फ विषाणूचा संशय येतो. परंतु नत्राची कमतरता, थंडी किंवा मुळाशी साचलेले पाणी यांमुळेही पीक जवळजवळ असेच दिसते. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेने या विषाणूच्या पीएव्ही प्रकारासाठीचे दुहेरी प्रतिपिंडांचे एलायझा किट हंगामभर वापरून पाहिले. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक विषाणूलाच चिकटणारे प्रथिन, आणि एलायझा म्हणजे त्याच्या मदतीने रंग आणून विषाणू ओळखणारी चाचणी.

१९७७ पासून वनस्पती विषाणूंसाठी रूढ झालेलीच ही पद्धत आहे. प्लेटच्या तळाला चिकटवलेले प्रतिपिंड विषाणूला धरून ठेवते, विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यावर बसते आणि शेवटी घातलेल्या द्रावणाला पिवळा रंग येतो, जो ४०५ नॅनोमीटरवर मोजला जातो. विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) वेगळा काढावा लागत नाही आणि ९६ खळग्यांच्या एकाच प्लेटमध्ये बरेच नमुने एकदम तपासता येतात, हे या किटचे खरे बळ. नमुने रात्रभर थंडीत ठेवले, तर निकाल दुसऱ्या दिवशी मिळतो. आमच्याकडे रोगट नमुन्यांचा रंग प्रत्येक वेळी स्पष्ट आला, आणि धुण्याच्या पायऱ्या नीट पाळल्या तर निरोगी खळगे स्वच्छ राहिले.

माहितीपत्रक मात्र अपुरे आहे. हा विषाणू केवळ अन्नवाहिनीत राहतो. तरीही पानाचा कोणता भाग आणि किती पाने घ्यावीत, याबद्दल त्यात एक ओळही नाही. निरोगी नमुन्याच्या सरासरी वाचनाच्या दुप्पट वाचन आले की नमुना बाधित समजावा, असा नियम छापला आहे, पण सोबतचा निरोगी नमुना फक्त गव्हाचा आहे. ओटच्या रसाचे मूळ वाचनच वेगळे येत असल्याने, ज्या पिकाची तपासणी करायची त्याचीच निरोगी पाने प्रत्येक प्लेटवर ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.

वेष्टनावर ‘विषाणू तपासणी’ असे मोघम लिहिले आहे, त्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. हे किट फक्त पीएव्हीबद्दल विचारते. पूर्वी याच रोगाचा एक प्रकार मानला जाणारा आरपीव्ही आज सिरिअल यलो ड्वार्फ हा स्वतंत्र विषाणू गणला जातो, आणि तो या प्लेटवर दिसण्याची खात्री नाही. कोळी कीड (माइट) पसरवते तो व्हीट स्ट्रीक मोझॅक किंवा मातीतील पॉलिमिक्सा या सूक्ष्मजीवाद्वारे येणारा मोझॅक विषाणू तर येथे सापडणारच नाही. ‘नकारात्मक’ निकालाच्या अहवालात कोणत्या विषाणूसाठी चाचणी केली, हे नावानिशी लिहावे, आणि लक्षणे ठळक असूनही रंग आला नाही तर नमुना आरटी-पीसीआरसाठी (आरएनएवरून विषाणू ओळखणाऱ्या चाचणीसाठी) पाठवावा.

मोठ्या क्षेत्राची पाहणी करणाऱ्या प्रयोगशाळांना हे किट घेण्याची शिफारस मी करीन. एखाददुसऱ्या नमुन्यासाठी अख्खी प्लेट उघडणे परवडत नाही. तेथे पट्टी चाचणी बरी. किट आल्यावर विकर जोडलेले प्रतिपिंड ४ अंश सेल्सिअसला ठेवावे, गोठवू नये.