बोअरच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर: थ्रेडेड इंटरप्ट घ्यावा की वर्कक्यू?

उन्हाळ्यात लातूर, धाराशिवकडे बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर कोरडी चालते आणि जळते. ऐन पाण्याच्या दिवसांत वाइंडिंगचा खर्च अंगावर येतो. ती वेळेत बंद करणारा कंट्रोलर आम्ही वाळूजला लिनक्स बोर्डवर बनवतो. पाण्याच्या पातळीचे सेन्सर एका पोर्ट एक्स्पांडरला, म्हणजे जादा पिन पुरवणाऱ्या चिपला, जोडलेत आणि तो आयटूसी बसवर, म्हणजे चिप्सना जोडणाऱ्या दोन तारांच्या संथ मार्गावर आहे. पातळी बदलली की एक्स्पांडर इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरला हाक मारणारी लाइन खाली ओढतो आणि त्याचं रजिस्टर, म्हणजे पिनांची स्थिती ठेवणारा कप्पा, वाचेपर्यंत खालीच धरून ठेवतो. तुम्ही असं काही करायला घेतलं असेल, तर पहिला निर्णय इथेच घ्यावा लागतो: या चिपशी बोलणाऱ्या ड्रायव्हरमध्ये थ्रेडेड इंटरप्ट घ्यावा की वर्कक्यू?

इंटरप्ट आला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हातातलं काम टाकून ड्रायव्हरचं त्यासाठीचं फंक्शन, म्हणजे हँडलर चालवतो. तिथे झोपायला, म्हणजे कशाचीही वाट बघत थांबायला, परवानगी नाही. आयटूसीवर तर वाट बघावीच लागते: 100 किलोहर्ट्झला एक बाइट सरकायला सुमारे 90 मायक्रोसेकंद जातात. म्हणून रजिस्टर वाचायचं काम हँडलरबाहेर न्यावंच लागतं.

आम्ही आधी वर्कक्यू घेतली, म्हणजे कर्नलचे कामगार थ्रेड सवडीनं उपसतात ती कामांची रांग. हँडलर काम रांगेत टाकायचा आणि ‘हाताळलं’ असं सांगून परतायचा. पण लाइन अजून खालीच, त्यामुळे परतताक्षणी पुन्हा इंटरप्ट. बोर्डला कोर एकच, रांगेतल्या कामाला पाळीच मिळेना. सिरियल कन्सोलवर एंटर मारलं तरी काही उमटत नव्हतं. कर्नलकडे यावर एक राखणदार आहे: 1,00,000 इंटरप्टांपैकी 99,900 च्या वर बेवारस निघाले तर तो ती लाइन बंद करतो. आम्ही मात्र दर वेळी ‘हाताळलं’ म्हणत होतो, मग तो कसा जागा होणार? उपाय आहे. हँडलरमध्येच लाइन बंद करायची आणि काम संपल्यावर उघडायची. बंद करताना न थांबणारं, ‘नोसिंक’ फंक्शनच वापरा. साधं वापरलं तर हँडलर स्वतःच्याच संपण्याची वाट बघत अडकतो. हे सगळं जमतं, पण प्रत्येक पायरी तुम्हालाच सांभाळावी लागते.

थ्रेडेड इंटरप्टमध्ये हँडलरचं काम त्याच्यासाठीच्या वेगळ्या थ्रेडमध्ये चालतं, तिथे झोपता येतं, आणि ही जबाबदारी कर्नल घेतो. कर्नल डेव्हलपर थॉमस ग्लाइक्सनर यांच्या रिअलटाइम, म्हणजे ठरल्या वेळेत प्रतिसाद देणाऱ्या कर्नलच्या कामातून ही सोय 2009 मध्ये, 2.6.30 आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आली. ‘वनशॉट’ फ्लॅग दिला की थ्रेडमधलं काम संपेपर्यंत लाइन बंद राहते. झटपट तपासणीचा पहिला हँडलर न देता हा फ्लॅगही विसरलात, तर कर्नल सहसा नोंदणीच नाकारतो. आमच्यासारखी चूक तिथेच अडते, शेतात जाऊन नाही. माझ्या मते निवडीसाठी एवढं एक कारण पुरे आहे.

वेगाचा मुद्दा त्यानंतरचा. थ्रेडची प्रायोरिटी मुळात फिफो 50, म्हणजे साध्या प्रोग्रामांच्या वरची असते, ‘पीएस’ कमांडमध्ये तो नावानिशी दिसतो आणि ‘सीएचआरटी’ कमांडनं प्रायोरिटी बदलता येते. वर्कक्यूचे कामगार साध्या प्रोग्रामांच्या रांगेत असतात. पण कोरड्या मोटरला काही मिलिसेकंदांनी फरक पडत नाही, तेव्हा केवळ यासाठी थ्रेड घेऊ नका. उलट तो थ्रेड लूपमध्ये अडकला तर फिफो 50 बाकीच्या प्रोग्रामांची उपासमार करतो.

वर्कक्यू टाकाऊ नाही. मेसेज पाठवणं, एसडी कार्डावर नोंद लिहिणं, दहा सेकंदांनी पुन्हा तपासणं ही तिचीच कामं. आता आमचा थ्रेड रजिस्टर वाचतो, रिले पाडून मोटर बंद करतो आणि मेसेजचं काम वर्कक्यूकडे देतो.

फ्लो मीटरच्या पल्स मोजायच्या असतील तर दोन्ही नकोत. पल्स थेट प्रोसेसरच्या पिनवर घ्या आणि मूळ हँडलरमध्ये आकडा एकानं वाढवा. वनशॉट थ्रेड चालू असताना आलेल्या अनेक पल्स एकच धरल्या जाऊ शकतात आणि लिटर कमी भरतात.

टास्कलेट, म्हणजे हँडलरनंतर लगेच काम उरकायची जुनी सोय, नव्या ड्रायव्हरमध्ये घेऊच नका. त्यातही झोपता येत नाही आणि कर्नलमधून तो हळूहळू काढला जातोय.

पुढे रिअलटाइम कर्नल लागणार असेल तर तो 2024 च्या 6.12 पासून मुख्य शाखेत आहे आणि तिथे बहुतेक हँडलर आपोआप थ्रेडमध्ये जातात. आपला ड्रायव्हर तिथे टिकेल का, याचा अंदाज साध्या कर्नलवरही घेता येतो: बूट करताना ‘थ्रेडआयआरक्यूज’ हा पर्याय द्या आणि कंट्रोलर रात्रभर चालू ठेवा.