अण्णांच्या वृद्धाश्रमातले बुधवारचे स्वयंसेवक

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. गेलं दीड वर्ष ते पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात आहेत. खोली स्वच्छ, जेवण घरच्यासारखं, थोडं अळणी. त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते दर बुधवारी येणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल.

सुरुवातीचे दोन महिने अण्णा बोलेनासे झाले होते. "आजोबांना आता कळत नाही," असं तिथले कर्मचारी म्हणायचे आणि मीही ते धरून चालले होते. त्यांच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलाने एकदा त्यांचं कानाचं मशीन हातात घेतलं. नळी मळाने बुजलेली, बॅटरी संपलेली. त्याने छोट्या ब्रशने मळ काढला, १३ नंबरची नवी बॅटरी आणली, तिचा नारिंगी स्टिकर सोलून मिनिटभर तशीच ठेवली. हवा लागली की मगच ती नीट चालते, हे मला त्याच्याकडून कळलं. मशीन कानात बसलं आणि अण्णा म्हणाले, "हा पंखा केवढा आवाज करतोय!"

आता तो आला की विचारतो, "अण्णा, आज कुठली गाडी?" स्वारगेट-महाबळेश्वर असेल तर अण्णा थांबे म्हणतात: शिरवळ, सुरूर, वाई, पाचगणी. मुलगा मुद्दाम वाई विसरतो. मग अण्णा त्याला असे झापतात की शेजारच्या खोलीतल्या काकू बघायला येतात.

१ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, खूप मंडळी येतात. केळी वाटतात, फोटो काढतात, तासाभरात जातात. मनाने चांगलीच असतात. पण संध्याकाळी त्याच काकू मला विचारत होत्या, "ती मुलं परत कधी येणार गं?"

एक गोष्ट मात्र मला फार लागली. परीक्षेमुळे तो मुलगा तीन आठवडे आला नाही आणि अण्णांना कोणी सांगितलंच नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी खुर्ची टाकून बसायचे. मी भांडल्यावर आता कोण येणार, कोण नाही, ते फळ्यावर लिहितात.

तुम्ही आश्रम बघायला जाल तेव्हा विचारा, तोच माणूस दर आठवड्याला येतो का? आणि मावशी किती आहेत तेही विचारा. म्हाताऱ्या माणसाला उचलणं, डायपर बदलणं हे शिकलेल्या हातांचं काम आहे, ते स्वयंसेवकांवर ढकललेलं नसावं.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या तीन बुधवारांचा.