किशोरवयीन मुले आणि मूल्यांचा शोध: पत्ते, मुलाखती की घाटावरचे काम?

वाचनालयात, तालमीत किंवा एखाद्या अपार्टमेंटच्या गच्चीवर आठवी ते दहावीची दहा-बारा मुले जमवून त्यांच्याशी मूल्यांविषयी काही करावे, असे मनात आलेल्या पालकासमोर किंवा शिक्षकासमोर कोल्हापुरात साधारण तीन वाटा असतात. मूल्यांचे शब्द लिहिलेले पत्ते मुलांसमोर मांडून निवड करायला लावणे, ही पहिली. घरातल्या व परिसरातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेणे आणि त्याला जोडून शहराचा इतिहास पायी फिरून पाहणे, ही दुसरी. आणि नदीघाटावर किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम करणे, ही तिसरी. आमच्या भागातल्या वाचनालयात रविवारी सकाळी मी या तिन्ही करून पाहिल्या आहेत, आणि तिन्ही किमान एकदा फसवूनही दाखवल्या आहेत.

तुलना करायची तर आधी कसोटी ठरवावी लागते. चांगले काय आणि वाईट काय, हे या वयाच्या मुलांना पाठ असते. शाळेच्या परिपाठात राष्ट्रभक्तीपासून नीटनेटकेपणापर्यंतची मूल्ये त्यांनी इतक्या वेळा ऐकलेली असतात की विचारताक्षणी ती ओळीने बाहेर पडतात. मुलाला स्वतःचे मन पहिल्यांदा दिसते ते दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि त्यांतली एक सोडावी लागते तेव्हा. म्हणून प्रत्येक पद्धतीला मी एकच प्रश्न लावतो: ही पद्धत मुलाला काही सोडायला लावते का?

पत्त्यांचा खेळ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा. कार्डशीटचे तुकडे, एक मार्कर आणि दीड तास एवढ्यात तो होतो. तीस-चाळीस शब्दांतून प्रत्येकाने दहा निवडायचे, मग पाच, मग तीन. यामागचा विचार जुना आहे: लुई राथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत मांडले की मूल्य तेच, जे पर्यायांमधून, परिणामांचा विचार करून, स्वतः निवडलेले असते आणि वागण्यात पुन्हा पुन्हा उतरते. पुढे या पद्धतीवर आक्षेप असा आला की प्रत्येकाची यादी प्रत्येकाला बरोबरच ठरते आणि चर्चा तिथेच थांबते. तो आक्षेप मला मान्य आहे, पण आपल्याकडची अडचण त्याच्याही आधीची आहे, ती शब्दांची. मी पहिल्यांदा तयार यादी घेऊन बसलो होतो. ‘स्वायत्तता’ या शब्दाचा अर्थ सांगण्यात वीस मिनिटे गेली आणि शेवटी सर्वांनी ‘प्रामाणिकपणा’ उचलला, कारण सरांना तोच आवडेल असा त्यांचा अंदाज होता. पुढच्या खेपेस मी मुलांच्या तोंडचे शब्द घातले: शब्द पाळणे, मित्राला एकटे न सोडणे, घरच्यांचा मान राखणे, कुणापुढे हात न पसरणे, चारचौघांत खरे बोलणे. त्या दिवशी नववीतला एक मुलगा ‘मित्राला एकटे न सोडणे’ आणि ‘चारचौघांत खरे बोलणे’ हे दोन पत्ते हातात धरून बराच वेळ गप्प बसला, मग त्याने दोन्ही उलटे ठेवले आणि म्हणाला, “सर, परवा वर्गात हेच झालं. मी सांगितलं नाही.” काय झाले होते, हे मी विचारले नाही. ते न विचारणे ही या पद्धतीतली सर्वांत अवघड शिस्त आहे, आणि ज्याला ती जमणार नाही त्याने पत्त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मुलाखतींची वाट लांब आहे. चार-पाच रविवार तरी लागतात. मुलांकडून प्रश्न लिहून घ्यावे लागतात, आणि “तुमची मूल्ये कोणती?” असा प्रश्न आला की तो खोडावा लागतो. “तुम्ही कधी घरच्यांच्या मनाविरुद्ध गेलात?” किंवा “पूर आला तेव्हा आधी काय उचललंत?” असे विचारले की मग आजी बोलायला लागते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचे महापूर पंचगंगेकाठच्या घरांनी पाहिले आहेत, त्यामुळे ही सामग्री जवळजवळ प्रत्येक मुलाच्या नात्यागोत्यात असते. आमच्यातल्या एका मुलीने चिखलीकडच्या आपल्या आजीला विचारले, की २०१९ मध्ये बोट दारात आली तरी ती का निघाली नाही. आजीचे उत्तर मुलीने वहीत जसेच्या तसे उतरवले होते: “म्हसरांची दावी सोडल्याबिगर कशी येऊ? ती काय माझी कोण न्हाईत व्हय?” त्यावर गटात जे भांडण झाले ते तासभर चालले. बोट घेऊन आलेल्या माणसांचा जीव आजीने धोक्यात घातला, असे एकाचे म्हणणे होते. ज्या जनावरांवर घर चालले त्यांना बुडायला ठेवून निघणारा माणूस आपल्याला चालेल का, असे दुसरीचे. मी फक्त पाणी प्यायलो.

या वाटेचा दुसरा भाग म्हणजे शहर, आणि इथे कोल्हापूरकरांना जे आयते मिळते ते फार थोड्या गावांना मिळते. दसरा चौकात उभे राहिले की जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग अशी वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे आजूबाजूलाच आहेत. समतेसाठी झटणाऱ्या शाहू महाराजांनी जातीजातींच्या वेगळ्या वसतिगृहांना का हातभार लावला, हा प्रश्न मुलांना तिथेच विचारावा. लगेच उत्तर देऊ नये. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानातल्या रिक्त जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या गेल्या, हे मुलांना पाठ्यपुस्तकातून माहीत असते. पण १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करताना मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता, हे कळल्यावर ती चपापतात. गरिबाला दंड करणे न्याय्य होते का? पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तिथला चहा घेतला, ही गोष्टही केवळ कौतुकाने सांगून सोडू नये. तिथे चहा प्यायला कचरणाऱ्या माणसाच्या मनात त्या वेळी कोणते मूल्य असेल, हे शोधायला लावले तर मुले स्वतःच्या घरातल्या वेगळ्या ठेवलेल्या कपापर्यंत आपोआप पोहोचतात. आजचे उदाहरण हवे असेल तर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचे आहे: २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गटाला मी विचारले, की गावाने ठराव केला, पण त्या बाईला स्वतःलाच ती प्रथा पाळायची असेल तर? व्यक्तीचे मूल्य आणि समाजाचे मूल्य यांतला ताण समजावून सांगायला मला यापेक्षा चांगला प्रश्न आजवर सापडलेला नाही.

धोका याच वाटेत जास्त आहे, हेही सांगितले पाहिजे. जातीचा विषय निघतोच, आणि एकदा एका पालकांनी “मुलांना हे कशाला शिकवता?” म्हणून वाचनालयात येऊन मला बरेच सुनावले. चूक माझीच होती. पालकांना आधी बोलावून मुलाखतींचे प्रश्न दाखवले असते तर हे टळले असते. आता मी तसे करतो.

प्रत्यक्ष कामाबद्दल मात्र मी थोडा साशंक आहे. गणपती विसर्जनाच्या वेळी निर्माल्य गोळा करणे किंवा मूर्ती काहिलीत, म्हणजे पाण्याने भरलेल्या मोठ्या पसरट कढईत, विसर्जित करण्याची विनंती करणे हे मुलांना आवडते, दिवस भारावलेला जातो, पण परतल्यावर बोलणे झाले नाही तर हाती उरतात ते मोबाइलमधले फोटो. वाहत्या पाण्यातच विसर्जन हवे म्हणणाऱ्या आजोबांशी मुलाचा सामना होतो, ते पंधरा सेकंद या कामातले खरे सोने असते. बाकीचा वेळ हमालीचा आहे, आणि हमाली वाईट असते असे मी म्हणत नाही. सुरक्षिततेचा विचार करता पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर दर चार-पाच मुलांमागे एक मोठा माणूस हवाच.

मग निवड कशी करावी? दहावीची मुले असतील आणि क्लासमधून दोनच रविवार मिळत असतील, तर पत्ते. आठवी-नववीची मुले आणि मे महिन्याची सुट्टी हाताशी असेल, तर निःसंशय मुलाखती. त्यानंतर एखादा रविवार पत्त्यांचा ठेवला तर मुले शब्द उचलताना आजीचे किंवा दसरा चौकाचे उदाहरण देतात आणि ‘सरांना आवडेल’ ही अडचण बरीच कमी होते. कामाची वाट एकटी घेऊ नये, मुलाखतींच्या मागोमाग घ्यावी. गट पंधराच्या वर गेला तर यांतली कोणतीच पद्धत चालत नाही. मुलाखती घ्यायच्या ठरल्या तर त्या मेअखेर उरकाव्यात, कारण एकदा जून उजाडला आणि पेरण्या सुरू झाल्या की गावाकडची आजी दुपारी घरी सापडत नाही.